खिशात राहिलेले पैसे

मित्रांनो, कपडे धुवायला टाकताना तुम्ही खिसे तपासता का? नसालच तपासत. तुमच्यासारखी माणसे जगात आहेत म्हणून तर माझा जन्म सत्कारणी लागला. मी एका लॉन्ड्रीच्या कौंटरवरचा जुना पत्र्याचा डबा आहे. लोकांच्या खिशात राहून गेलेल्या वस्तू सांभाळणे हे माझे आयुष्यभराचे काम.

जन्माने मी गोळ्यांचा डबा. एका कारखान्यात यंत्राने मला दणका देऊन घडवले, झाकणावर गुलाबाचे चित्र छापले आणि पोटात रंगीत कागदातल्या गोळ्या भरल्या. ज्या घरात मी आलो तिथे दोन मुले होती, एक ताई आणि एक धाकटा. त्यांनी गोळ्यांचा फडशा पाडला आणि मी रिकामा झालो. माझ्याबरोबरच्या डब्यांचे पुढे काय झाले कोणास ठाऊक. कोणी सुईदोरे सांभाळत असेल, कोणी भंगारात गेला असेल. मुलांच्या वडिलांची लॉन्ड्री होती. त्यांनी मला पुसून दुकानात नेले आणि मला नोकरी लागली.

त्या दुकानाचा एक दंडक होता. कपडा पाण्यात जाण्याआधी त्याचा प्रत्येक खिसा उलटा करायचा. जे निघेल ते कागदात गुंडाळायचे, वर कपड्याचा खूण-नंबर घालायचा आणि माझ्यात ठेवायचे. गिऱ्हाईक आले की आधी मला उघडायचे, मग कपड्यांचा गठ्ठा द्यायचा. एखादी नोट चुकून भिजलीच, तर इस्त्रीवाले मामा ती दोन फडक्यांत धरून अलगद इस्त्री करून देत. "आपण कपड्यांचे पैसे घेतो, खिशांचे नाही," असे मालक म्हणत.

माझ्या पोटात काय काय राहून गेले म्हणून सांगू? नोटा, नाणी, किल्ल्या, बटणे, औषधाच्या गोळ्या. एकदा एका कोटातून चक्क कवळी निघाली. तिचे धनी दुपारी तोंडावर रुमाल धरून आले. काय हवे ते त्यांना धड सांगता येईना. मामांनी काही न विचारता मला उघडले आणि पुडी पुढे केली. ते गेल्यावर मात्र मामा इतके हसले की त्यांच्या हातून एक बाही करपता करपता वाचली.

ते दिवस चांगले होते. "त्या लॉन्ड्रीत खिशात सोने विसरा, परत मिळेल," असे लोक म्हणत, आणि माझे पत्र्याचे अंग अभिमानाने फुलून येई.

पुढे मालक गेले. दुकान ताईने चालवायला घेतले आणि धाकटा तिच्या हाताखाली काम करू लागला. कपड्यावरचा डाग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शाई असो, गंज असो, रक्त असो, तो डागाकडे डॉक्टरासारखा वाकून बघे आणि नेमकी बाटली उचले. त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. सगळे सुरळीत चालले होते, आणि त्यातच तो दारू पिऊ लागला.

सुरुवात कशी झाली ते मला ठाऊक नाही. माझ्यापर्यंत ती गोष्ट आली ती त्याच्या बोटांतून. आधी त्याने माझ्यातली नाणी नेली, मग नोटा. पुड्या तो पुन्हा नीट गुंडाळून ठेवी, नंबरही तसाच. गिऱ्हाईक पुडी उघडे आणि आत काहीच नसे. ताई मान खाली घालून स्वतःच्या पैशांतून भरपाई करी. एकदा घाईत त्याच्या हातून मी फरशीवर आपटलो. माझा एक कोपरा चेपला आणि गुलाबाला पोचा आला. मला दुखले, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते ताईचा चेहरा बघून. तिने मला उचलले, मागच्या जाळीच्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. किल्ली तिच्या कमरेला गेली. त्याच सुमारास धाकट्याची बायको मुलीला घेऊन गावातल्याच माहेरी निघून गेली.

कपाटात मी बरेच दिवस धूळ खात होतो. जाळीतून दुकान दिसत असे, एवढेच काय ते सुख.

अखेर धाकटा एका व्यसनमुक्ती केंद्रात गेला आणि तिथून परत आला. गाल बसले होते, पण हात थरथरत नव्हते. त्याच्याबरोबर केंद्रातल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी ताईला बाकावर बसवून समजावले, "सुरुवातीला त्याच्या हातात रोख पैसे देऊ नका. पगाराचा दिवस सांभाळा. पैसा हातात आला की पाय आपोआप जुन्या वाटेला लागतात." ताईने सगळे मन लावून ऐकले. फक्त 'सुरुवातीला' हा शब्द तेवढा तिच्या कानांतून निसटला.

त्या दिवसापासून धाकट्याचा पगार ताईकडे राहू लागला. त्याच्या खोलीचे भाडे ती भरी, खानावळीचे पैसे ती देई. त्याला काही लागले तर मागावे लागे.

"ताई, केस कापायचेत."

"किती घेतो तो?"

तो आकडा सांगे.

"मागच्या वेळी कमी होते ना?"

"त्याने वाढवलेत."

ताई पैसे मोजून देई. तो परत आला की त्याच्याकडे निरखून बघे, जणू केस डोक्यावरून नव्हे तर तिच्या गल्ल्यातून कमी झाले आहेत. चहाचा कप हातात देण्याच्या निमित्ताने ती जवळ जाई आणि त्याच्या तोंडाचा वास घेई. त्याला ते कळत असे. तो श्वास जरा जोरात सोडी, म्हणजे तिला पुन्हा यावे लागू नये. मला त्या दोघांचीही फार दया येई. ताईने काय काय सोसले होते ते मी पाहिले होते, त्यामुळे तिला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण धाकटा दिवसेंदिवस बारीक आवाजात बोलू लागला होता हेही मी पाहत होतो. त्याची मुलगी शाळेतून परतताना कधी कधी दुकानात डोकावे. तेव्हा तिला खाऊ द्यायचा तर तो आधी ताईकडे बघे. मुलगीही मग ताईकडेच बघू लागली.

हवा बदलली आणि थंडीचे कोट धुवायला येऊ लागले. कोटांना खिसे फार. खिसे तपासण्याचे काम ताई स्वतःच करी, पण त्या दुपारी साबणाचा माल आणायला तिला बाहेर जावे लागले आणि मामा मागे कपडे वाळत घालत होते. घड्याळे दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर आपला कोट टाकून गेला होता. त्याला सगळे घड्याळजी म्हणत. धाकट्याने कोट उचलला, सवयीने आतला खिसा उलटा केला आणि एक जाडजूड पाकीट त्याच्या हातात आले.

त्याने ते उघडून पाहिले. आत नोटाच नोटा होत्या.

दुकानाच्या दंडकाप्रमाणे ते माझ्यात ठेवावे म्हणून तो कपाटाशी आला. कपाटाला कुलूप. तो तिथेच जमिनीवर बसला. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे तो, आणि त्याच्या दोन्ही हातांत ते पाकीट. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एकदा तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की बस, हलू नकोस. पण डब्याला कोण बोलू देतो?

ताई आली. तिने त्याला तसे बसलेले पाहिले आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुलूप काढ," धाकटा म्हणाला. "मला हे ठेवायचंय. लवकर काढ, ताई."

पाकीट माझ्यात आले तेव्हा ते ओलसर लागले. ताईने भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले.

संध्याकाळी घड्याळजी धावतपळत आला. पाकीट मिळाल्यावर त्याला काय करू आणि काय नको असे झाले. त्याने एक मोठी नोट काढली आणि धाकट्यापुढे धरली. धाकटा मागे सरला. "नको," म्हणाला.

"अरे घे की," मामा म्हणाले. "हक्काचं बक्षीस आहे."

ताईलाही त्या क्षणी भरून आले होते. जिने त्याला इतके दिवस केस कापायचे पैसेसुद्धा मोजून दिले, तीच म्हणाली, "घे रे. तुझेच आहेत आता."

धाकट्याने नोट खिशात घातली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मीही आतून खूश होतो. मित्रांनो, त्या आनंदात कोणाच्याही डोक्यात आले नाही की आपण काय केले.

दुसऱ्या दिवशी धाकटा कामावर आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ताईने त्याला शोधून आणले. कपडे मळलेले, डोळे लाल. कोणी त्याला रागावले नाही, आणि तेच त्याला जास्त लागले असावे. ताईने केंद्रातल्या बाईंना बोलावून घेतले. तिघे त्याच बाकावर बसले.

"मला एकच सांग," ताई म्हणाली. "परक्याचं एवढं मोठं पाकीट राखलंस. मग स्वतःच्या एका नोटेनं असं का केलंस?"

धाकटा म्हणाला, "पाकीट हातात होतं तेव्हा मला भीती वाटत होती ताई. म्हणून मी हललो नाही. तू 'तुझेच आहेत' म्हणालीस, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि मला वाटलं, झालं, आपण बरे झालो. भीतीच गेली. घरी जाताना वाटेत दारूचं दुकान लागलं, आणि खिशात पैसे होते."

"चूक माझीच," ताई म्हणाली. "माझ्या तोंडानं मीच घे म्हटलं. आता पुन्हा एक दमडी देणार नाही."

"किती दिवस?" बाईंनी विचारले.

"मरेपर्यंत."

बाई धाकट्याकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तो गोंधळला. मग अडखळत बोलू लागला.

"पगार मला दे, ताई. शुक्रवारी दुपारी, उजेडात, सगळा. पण तो खिशात थांबायला नको. लगेच आपण दोघं बाहेर पडू. भाडं, खानावळ, वाण्याची जुनी उधारी, पोरीच्या नावानं बँकेत थोडे. सगळीकडे मी माझ्या हातानं देईन. तू फक्त बरोबर चल. उरेल ते तुझ्याकडे ठेव. आणि असे अचानक कुठून पैसे आले, तर मी आधी तुला येऊन सांगेन."

"म्हणजे पैसे जाणार तिथंच जाणार," ताई म्हणाली. "मग मीच देते की. तुझी कशाला पायपीट?"

"तू दिलेस की ते तुझे असतात. मी मग फुकट राहणारा माणूस."

ताईला हे झोंबले. ती उठली आणि उगाचच एक घडी केलेला शर्ट उलगडून पुन्हा घडी करू लागली. शर्टाची घडी झाल्यावर ताई म्हणाली, "बघू. एक शुक्रवार बघू."

पहिला शुक्रवार फसला. दोघे परत आले ते फुगलेल्या चेहऱ्यांनी. वाण्याकडे धाकट्याने पैसे पुढे केले, पण ताईने मध्येच ते घेऊन पुन्हा मोजले, उधारी किती उरली ते तिनेच विचारले आणि वाणी सारा वेळ तिच्याशीच बोलला.

"तू पुन्हा मोजलेस म्हणजे मी नसल्यातच जमा झालो," धाकटा म्हणाला.

"मग मी करू तरी काय?"

"बाहेर उभी राहा."

पुढच्या शुक्रवारी ताई खरोखरच वाण्याच्या दुकानाबाहेर उभी राहिली. तिथे टांगलेल्या झाडूंचे भाव तिने इतक्या वेळा विचारले, की शेवटी तिला एक झाडू घ्यावा लागला. मामा म्हणाले, "आणखी चार शुक्रवार गेले तर आपल्याला झाडूंचंच दुकान टाकावं लागेल." त्यावर ताई हसली, आणि कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना ऐकले.

असे शुक्रवार येत गेले. वाण्याची उधारी फिटली. पुढे ताईने बरोबर जाणेही कमी केले, कारण धाकट्यानेच एके दिवशी "आज मी जाऊन येतो" म्हटले आणि तो खरोखरच जाऊन आला. उरलेले थोडे पैसे आता त्याच्याच खिशात राहू लागले. पण सगळेच शुक्रवार सारखे नव्हते बरे का. एकदा त्याने पगार हातात घेतला आणि लगेच परत कौंटरवर ठेवला. "आज नको," म्हणाला. "आज तूच जाऊन ये." ताईच्या ओठांवर प्रश्न आला होता. तो तिने गिळला, पैसे उचलले आणि गेली. धाकटा मामांच्या शेजारी उभा राहून दुकान बंद होईपर्यंत चादरी धरत राहिला. मला विचाराल तर त्या दिवशी त्याने सगळ्यात मोठे काम केले. दुसऱ्या आठवड्यात ताईने मला कपाटातून काढले, पुसले आणि कौंटरवर पूर्वीच्या जागी ठेवले.

आता शेवटची गोष्ट सांगतो. धाकट्याची मुलगी एका सोमवारी दुकानात आली. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत म्हणाली, "शाळेची सहल आहे. पैसे भरायचेत." विचारत होती वडिलांना, पण बघत होती आत्याकडे.

ताईचा हात गल्ल्याकडे गेला.

"राहू दे, ताई," धाकटा म्हणाला. मग मुलीकडे वळला. "आज माझ्याकडे तेवढे नाहीत. शुक्रवारी देतो."

"बरं," मुलगी म्हणाली. फार पटकन म्हणाली. 'देतो' हा शब्द तिने वडिलांच्या तोंडून खूप वेळा ऐकला होता. त्याचे पुढे काय होते ते तिला पाठ होते.

शुक्रवार आला. धाकट्याने पगार घेतला, सहलीचे पैसे शर्टाच्या खिशात वेगळे ठेवले आणि बाकीची देणी देऊन परत आला. मुलगी आली नाही. शाळा सुटण्याची वेळ उलटून गेली तरी आली नाही. धाकटा सारखा दारात जाई. खिशात नोटा, डोळे रस्त्यावर. किती दिवसांनी एवढे पैसे त्याच्या खिशात इतका वेळ थांबले होते. ताई हे सगळे बघत होती. एकदा तिने "माझ्याकडे ठेवू का?" म्हणून हात पुढे केलाही. त्याने विचार केला आणि मान हलवली. "अजून थोडा वेळ," म्हणाला.

दुकान बंद व्हायच्या बेताला ती दिसली. रस्त्याच्या पलीकडून मैत्रिणीबरोबर चालली होती. दुकानाकडे तिने बघितलेसुद्धा नाही. धाकट्याने हाक मारली तेव्हा ती दचकली आणि रस्ता ओलांडून आली.

त्याने खिशातून नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. ती नुसतीच त्या नोटांकडे बघत राहिली.

"कमी आहेत का?" त्याने घाबरून विचारले.

"नाही. बरोबर आहेत." मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण मी शाळेतल्या बाईंना सांगून टाकलं, मी येत नाही म्हणून. आईला तर सहलीचं बोललेच नाही. म्हटलं, उगाच तुमचं भांडण होईल."

मामांनी इस्त्री उभी करून ठेवली. धाकटा खाली बसला, मुलीच्या उंचीएवढा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही.

"आईला आज सांग," तो म्हणाला. "सोमवारी बाईंना विचार, अजून नाव घालता येईल का. नाही म्हणाल्या तर ते पैसे तुझे. तुला हवं ते कर."

तिने नोटा कंपासपेटीत ठेवल्या, पेटी दप्तरात ठेवली आणि दाराशी जाऊन परत वळली.

"बाबा, परत कधी लागले तर तुमच्याकडे मागू?"

"माग," तो म्हणाला. "असतील तर देईन. नसतील तर नाहीत म्हणून सांगेन."

मित्रांनो, मी आता गंजत चाललो आहे. माझे झाकण नीट बसत नाही आणि गुलाबाचा रंग उडाला आहे, तेव्हा माझी एकच विनंती ऐका. तुमच्या आसपास असा एखादा माणूस सावरत असेल, तर आनंदाच्या भरात त्याच्या हातात नोटा कोंबू नका, आणि त्याला जन्मभर हात पसरायलाही लावू नका. त्याला काय झेपते ते त्यालाच विचारा. आज नको म्हणाला, तर का म्हणून खोदून विचारू नका. आणि देतो म्हणाला, तर तुमच्याकडे कितीही पैसे असले तरी जरा थांबा, आणि त्याला देऊ द्या.